टीव्हीवरच्या निवडणूक वादात कोण कुणाला पटवतो?

प्रश्न थोडक्यात असा: टीव्हीवरच्या निवडणूक वादात उमेदवार विचारलेल्या प्रश्नाला धड उत्तर देत नाहीत, आकडे फेकतात, एकमेकांचं बोलणं तोडतात, तरी कार्यक्रम संपता संपता 'अमुक जिंकला' असं सगळ्यांचं ठरून जातं. मग इथे पटवणं म्हणजे नेमकं काय चालतं? तर्काला काही किंमत असते, की सगळा चेहऱ्यामोहऱ्याचा खेळ?

मी बरीच वर्षं वादविवाद शिकवते, स्पर्धांचं परीक्षण करते आणि अधूनमधून कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं असलेल्या मंडळींची तयारी करून घेते. माझं उत्तर आधीच सांगून टाकते. तर्काला किंमत असते, पण या खेळातला पंच निराळा असतो आणि म्हणून चुका मोजायची रीतही निराळी असते. 'तर्क की दिसणं' अशी वाटणी केली की ही रीत नजरेतून सुटते.

समजायला सोपं जावं म्हणून जुन्या न्यायशास्त्राचा आधार घेते. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. खरं काय ते शोधायला दोघं बसतात तो वाद. जिंकण्यासाठी चालतो तो जल्प. आणि स्वतःची बाजू न मांडता नुसती समोरच्याची पाडायची ती वितंडा. टीव्हीवरच्या प्रकाराला आपण वाद म्हणतो, पण तो आहे जल्प, मधूनमधून वितंडेकडे घसरणारा. 'तुमचं म्हणणं पटलं, मी माघार घेतो' असं म्हणायला तिथे कुणी आलेलंच नसतं. बोलायचं समोरच्याशी आणि पटवायचं तिसऱ्यालाच. वधूवरांच्या बैठकीत एक काका दुसऱ्या काकांशी बोलत असतात, पण लक्ष्य मुलीचे वडील असतात, तसं.

त्याच सूत्रांत २२ निग्रहस्थानं दिली आहेत, म्हणजे वादी जिथे पकडला गेला की हरला असं धरायचं अशा जागा. शास्त्रार्थात ते ठरवायला मध्यस्थ असे. टीव्हीवर सूत्रसंचालक असतो, पण तो बहुतेक वेळा घड्याळ सांभाळतो. 'इथे तुम्ही हरलात' हे म्हणणं त्याच्या कामात बसत नाही. ते काम येतं दर्शकावर. आणि दर्शक जी चूक स्वतःच्या डोळ्याकानांनी पकडू शकतो तेवढीच मोजतो, हे या सगळ्या प्रकाराचं मर्म आहे.

उदाहरणार्थ अर्थांतर घ्या. मुद्दा सोडून भलतंच बोलणं हे न्यायशास्त्रात निग्रहस्थान आहे. टीव्हीवर ते रोजचं कसब आहे, कारण नीट केलं तर दर्शकाला ते दिसतच नाही. समजा विचारलं, 'तुमच्या कारकिर्दीत सरकारी रुग्णालयांतल्या रांगा का वाढल्या?' तयार उमेदवार म्हणतो, 'रांगेत ताटकळणाऱ्या माणसाचे हाल मला ठाऊक आहेत. आणि हे हाल कशामुळे होतात? पैसा जिथे जायला हवा तिथे जात नाही म्हणून. म्हणूनच आम्ही करांची नवी रचना मांडली आहे.' इथे दोन सांधे आहेत. पहिल्या वाक्यात प्रश्नातला शब्द उचलला: रांग. दुसऱ्यात स्वतःच एक प्रश्न विचारला, जो मूळ प्रश्नासारखा दिसतो पण तो नाही. 'का वाढल्या' याची जागा 'हाल कशामुळे' याने घेतली आणि कारकीर्द गळून पडली. तिसऱ्या वाक्यापासून तो आपल्या घरच्या मैदानावर. सगळं मिळून पंधरा सेकंदं. नवशिके पहिला सांधा विसरतात, थेट करांवर उडी मारतात आणि पकडले जातात.

हार्वर्डच्या टॉड रॉजर्स आणि मायकेल नॉर्टन यांनी यावर प्रयोग केले, २०११ मध्ये ते प्रसिद्ध झाले. वेगळ्याच पण जवळच्या प्रश्नाचं सफाईदार उत्तर दिलं तर ऐकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना बगल दिल्याचं कळत नाही. बोलणारा बोलत असताना मूळ प्रश्न पडद्यावर लिहून ठेवला की मात्र कळतं.

दुसरं उदाहरण मतानुज्ञेचं. स्वतःवरचा आरोप खोडून न काढता 'तुम्हीही तेच केलंत' म्हणणं. शास्त्र म्हणतं, अशाने तुम्ही स्वतःचा दोष कबूल केलात, हरलात. टीव्हीवर त्यावर टाळ्या पडतात. मला हे आवडत नाही, पण कारण समजतं. दर्शकापुढचा प्रश्न 'हा माणूस निर्दोष आहे का' असा नसतोच, 'या दोघांतला कोण' असा असतो. तुलनेच्या प्रश्नात समोरच्याचा दोष हे अगदीच गैरलागू उत्तर ठरत नाही.

आता १९६० कडे वळू, कारण 'चेहऱ्याचा खेळ' ही समजूत तिथूनच आली आहे. २६ सप्टेंबर, शिकागो, अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार केनेडी आणि तेव्हाचे उपाध्यक्ष निक्सन. निक्सन गुडघ्याच्या संसर्गाने रुग्णालयात राहून आलेले, वाळलेले, घामेजलेले. केनेडी उन्हाने रापलेले, टवटवीत. रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकले असं वाटलं आणि टीव्हीवर बघणाऱ्यांना केनेडी, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ती ज्या पाहणीवर उभी आहे तिच्यात रेडिओवाले तीनशेहूनही कमी होते. त्यावर एवढा इमला उठवणं मला पटत नाही.

त्या रात्रीचं शब्दांकन वाचा, चित्र न बघता. विषय ठरला होता देशांतर्गत प्रश्नांचा. केनेडींनी पहिल्याच वाक्यांत लिंकनला आणलं: १८६० मध्ये प्रश्न होता की हा देश अर्धा गुलाम, अर्धा स्वतंत्र असा टिकेल का, १९६० मध्ये प्रश्न आहे की जग तसं टिकेल का. झालं, घरातला विषय जगाच्या पटावर गेला. मग एक पालुपद: 'मी समाधानी नाही.' पोलाद कारखान्यांची निम्मी क्षमता पडून आहे, मी समाधानी नाही. एकेक वस्तुस्थिती आणि मागे तेच शब्द. आता निक्सन उठतात आणि सुरुवातच करतात ती अशी की सिनेटर केनेडींनी जे सांगितलं त्यातल्या पुष्कळ गोष्टींशी आपल्यापैकी अनेक जण सहमत होतील. थोड्या वेळाने म्हणतात, देशाने पुढे जायला हवं ही त्यांची भावना मला पूर्ण मान्य आहे. नंतर आकडे सुरू: केनेडींच्या पक्षाचे आधीचे अध्यक्ष ट्रुमन यांच्या काळात इतकं, आमच्या काळात इतकं.

इथे घामाचा काय संबंध? जमीन केनेडींनी आखली आणि निक्सननी तिच्यावर सही केली. 'आपण पुढे जातोय की थांबलोय' हाच प्रश्न आहे हे दोघांनी मान्य केल्यावर, सत्तेत असलेल्याला सिद्ध करत बसावं लागतं आणि बाहेरच्याला नुसतं असमाधानी राहून भागतं. सभ्यपणे मान्य करण्यात चूक नाही. शाळेच्या स्पर्धेत मी त्याला गुण देते. पण काय मान्य करतो आहोत हे बघायला हवं. तपशील मान्य करावा, चौकट करू नये. ब्रिटनमध्ये २०१० च्या पहिल्या वादात 'मी निकशी सहमत आहे' हे एवढ्या वेळा ऐकू आलं की त्या वाक्याचीच चर्चा झाली, आणि तिसऱ्या पक्षाचे निक क्लेग एका रात्रीत पहिल्या दोघांच्या पंगतीला बसले.

तयारी करून घेताना माझा सगळ्यात जास्त वेळ जातो तो प्रश्नामागचा प्रश्न ऐकायला शिकवण्यात. याचा नमुना म्हणून मी एकच चित्रफीत वर्षानुवर्षं दाखवते. १५ ऑक्टोबर १९९२, अमेरिकेतलं रिचमंड, अध्यक्षपदाच्या उमेदवारांना नागरिकांनी थेट प्रश्न विचारायचा कार्यक्रम. एक तरुणी उभी राहते: राष्ट्रीय कर्जाचा तुम्हा प्रत्येकाच्या आयुष्यावर वैयक्तिक काय परिणाम झाला? नसेल झाला, तर ज्यांच्यावर झाला त्यांच्या अडचणींवर तुम्ही उपाय कसा शोधणार? अध्यक्ष थोरले बुश 'राष्ट्रीय कर्ज' हा शब्द धरून व्याजदरांकडे जातात, अडखळतात, प्रश्न नीट समजला नाही असं म्हणतात. सूत्रसंचालिका मदतीला येते, तिला मंदी म्हणायचं आहे असं सुचवते. त्यांचे प्रतिस्पर्धी क्लिंटन आपल्या खुर्चीवरून उठून तिच्या दिशेने चार पावलं टाकतात आणि उलट तिलाच विचारतात, तुमच्यावर कसा परिणाम झाला ते पुन्हा सांगाल? नोकरी गेलेली, घर गेलेली माणसं तुमच्या ओळखीची आहेत ना? मग सांगतात, मी एका लहान राज्याचा गव्हर्नर आहे. तिथे कारखाना बंद पडतो तेव्हा मी तिथल्या लोकांना नावाने ओळखत असतो.

शब्दाला धरून पाहिलं तर बुश यांचा गोंधळ रास्त होता. कर्ज आणि मंदी या दोन वेगळ्या गोष्टी. पण तिने विचारलं होतं, 'आमचं तुम्हाला कळतं का?' क्लिंटन यांनी त्याला पुरावा दिला, 'मी त्यांना नावाने ओळखतो' हा. तो छोटा असेल, पण पुरावाच आहे. नुसती भावना नाही. बुश यांचे आधीच्या निवडणुकीतले प्रतिस्पर्धी डुकाकिस यांच्याबाबत चार वर्षं आधी याच्या उलट घडलं होतं. पहिलाच प्रश्न होता, तुमच्या पत्नीवर अत्याचार करून तिचा खून झाला तर गुन्हेगाराला फाशी द्याल का. प्रश्न निर्दय होता. ते शांतपणे म्हणाले, नाही, मी आयुष्यभर फाशीच्या विरोधात आहे, तिने गुन्हे कमी होतात असा पुरावा मला दिसत नाही. मुद्देसूद, सुसंगत, आणि त्या क्षणी पूर्णपणे निरुपयोगी. त्यांचं फाशीविषयीचं मत सगळ्यांना आधीच माहीत होतं. बघायचं होतं ते हे की या माणसाला राग येतो का.

म्हणजे शंका जशी असेल तसा पुरावा. अध्यक्ष रेगन यांचं १९८४ चं वाक्य सगळे विनोद म्हणून सांगतात. वय ७३, पहिल्या वादात ते चाचपडले होते, दुसऱ्यात वयाचा प्रश्न आला. उत्तर: मी या मोहिमेत वयाचा मुद्दा करणार नाही, माझ्या प्रतिस्पर्ध्याच्या तारुण्याचा आणि अननुभवाचा मी राजकीय फायदा उठवणार नाही. समोर ५६ वर्षांचे मॉन्डेल, तेही हसले. डॉक्टरांचा दाखला आणून हे साधलं नसतं. शंका 'डोकं चालतं का' ही होती आणि वेळेवर सुचलेला विनोद हेच डोकं चालत असल्याचं प्रात्यक्षिक होतं. तो आधी घडवून आणला होता की जागेवर सुचला, हे दर्शकाला दिसत नाही.

आता दुसऱ्याला पाडायचा भाग. ५ ऑक्टोबर १९८८, ओमाहा, उपाध्यक्षपदाचे उमेदवार. बुश यांच्या जोडीचे तरुण डॅन क्वेल यांना एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी पुन्हा पुन्हा विचारला गेला: अध्यक्षपद अचानक तुमच्यावर आलं तर काय कराल? क्वेल दरवेळी अनुभवाची यादी वाचत होते. शेवटी ते म्हणाले, जॅक केनेडी अध्यक्षपदासाठी उभे राहिले तेव्हा त्यांना अमेरिकी संसदेतला जितका अनुभव होता तितका मलाही आहे. प्रतिस्पर्धी लॉइड बेन्टसन वळले. चार वाक्यं, प्रत्येक आधीच्यापेक्षा जवळ नेणारं: सिनेटर, मी जॅक केनेडींबरोबर काम केलं. मी जॅक केनेडींना ओळखत होतो. जॅक केनेडी माझे मित्र होते. सिनेटर, तुम्ही जॅक केनेडी नाही.

तर्काच्या काट्यावर तोललं तर हा छल आहे, म्हणजे समोरच्याच्या शब्दांना भलताच अर्थ चिकटवणं. क्वेल 'मी केनेडी आहे' असं म्हणालेच नव्हते; वर्षांची तुलना करत होते. शिकवताना मी विचारते, क्वेल यांनी काय म्हणायला हवं होतं? बहुतेक जण सांगतात, 'मी तसं म्हटलं नव्हतं.' बरोबर आहे, पण त्यात बचावाचा सूर लागतो. एका मुलीने एकदा सांगितलं, 'खरं आहे, आणि ते उभे राहिले तेव्हा तुमच्यासारखे ज्येष्ठ सिनेटर त्यांनाही हेच म्हणाले असतील.' मी वही बाजूला ठेवली आणि तिला पूर्ण गुण दिले. प्रत्यक्षात क्वेल म्हणाले, हे बोलायची काही गरज नव्हती. बेन्टसन यांनी लगेच सुनावलं, तुलना तुम्ही काढलीत.

न्यायशास्त्रातली दोन निग्रहस्थानं इथे मला फार कामाची वाटतात. प्रतिस्पर्धी पकडीत सापडलेला असताना त्याला न पकडणं हीसुद्धा हार धरली आहे: पर्यनुयोज्योपेक्षण. उच्चारायला जड आहे, पण गोष्ट साधी: कॅच सोडलात तर धावांचा दोष तुमच्या माथी. आणि जिथे दोष नाही तिथे दोष दाखवणं ही त्याच्या उलट हार. २०१२ च्या दुसऱ्या वादात अध्यक्ष ओबामांचे प्रतिस्पर्धी, माजी गव्हर्नर रॉम्नी यांनी नेमकं हेच केलं. लिबियातल्या बेनगाझीत अमेरिकी वकिलातीवर झालेल्या हल्ल्याला ओबामांनी दहशतवादी कृत्य म्हणायला १४ दिवस लावले, असं ठासून सांगायला ते निघाले. ओबामांनी मध्ये तोंड घातलं नाही. 'पुढे बोला, गव्हर्नर' म्हणाले. खड्डा खणणाऱ्याच्या हातातलं फावडं काढून घ्यायचं नसतं. मग 'उतारा काढा' म्हणाले, आणि सूत्रसंचालिका कँडी क्राउली यांनी तिथल्या तिथे सांगितलं की ते तसं म्हणाले होते. त्या दोन मिनिटांपुरता मध्यस्थ हजर झाला आणि वादाचं रूपच पालटलं.

एरवी तथ्याची चूक त्या रात्री चुकीसारखी दिसतच नाही. १९७६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष फोर्ड म्हणाले, पूर्व युरोपावर सोव्हिएत वर्चस्व नाही. विचारणारे पत्रकार मॅक्स फ्रँकेल चकित झाले, त्यांनी सावरायची संधी दिली. फोर्ड यांनी युगोस्लाव्हिया, रुमानिया, पोलंड अशी नावं घेऊन तेच पुन्हा सांगितलं. तरी वाद संपताच घेतलेल्या चाचण्यांत फोर्ड मागे नव्हते. दुसऱ्या दिवशी दिवसभर बातम्यांतून ते वाक्य घोळलं तेव्हा लोकांनी निकाल फिरवला. चूक तीच, दाखवणारं कुणीतरी लागलं.

फ्रान्सचे वाद मला अमेरिकेपेक्षा जास्त आवडतात; टेबलाशी समोरासमोर बसतात, दोघांची मिनिटं घड्याळावर मोजतात आणि भाषेची धार काही औरच. १९७४ मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार जिस्कार द'एस्तँ प्रतिस्पर्धी मित्तेराँना म्हणाले, 'हृदयाची मक्तेदारी काही तुमच्याकडे नाही', आणि 'तुम्ही भूतकाळातला माणूस'. १९८१ मध्ये मित्तेराँनी त्याचं उट्टं काढलं. फ्रेंचमध्ये 'भूतकाळ' आणि हिशेबातली 'देणी' हे शब्द जवळजवळ सारखे वाजतात. मला भूतकाळातला म्हणणारे तुम्ही दरम्यान देण्यांचा माणूस झालात, असा तो टोला होता. जिस्कार यांच्या सात वर्षांच्या सत्तेचा जमाखर्च एका शब्दात. १९८८ ची गंमत त्याहून सरस. पंतप्रधान शिराक म्हणाले, आज रात्री मी पंतप्रधान नाही आणि तुम्ही राष्ट्राध्यक्ष नाही, आपण दोन समान उमेदवार आहोत, म्हणून मी तुम्हाला मिस्टर मित्तेराँ म्हणेन. मित्तेराँ शांतपणे म्हणाले, 'अगदी बरोबर आहे तुमचं, पंतप्रधान महोदय.' शब्दांनी मान्य केलं, संबोधनाने खोडलं. 'अहो' आणि 'अरे' यांत किती अंतर असतं हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

आता दर्शकाला शंभर टक्के दिसणारी चूक: अप्रतिभा, म्हणजे उत्तरच न सुचणं. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेत अध्यक्षपदाची उमेदवारी मागणारे रिक पेरी म्हणाले, मी तीन सरकारी खाती बंद करणार, दोनांची नावं घेतली, तिसरं आठवेना. अखेर 'ऊप्स' म्हणून थांबले. ते धोरण बरं की वाईट हे राहिलंच बाजूला. २७ जून २०२४ च्या अटलांटातल्या वादात बायडन यांची वाक्यं मध्येच विरत गेली. एकदा ट्रम्प एवढंच म्हणाले, त्या वाक्याच्या शेवटी ते काय बोलले मला कळलं नाही, त्यांनाही कळलं नसावं. यात खंडन काहीच नव्हतं. दर्शकाने पाहिलेल्या गोष्टीवर बोट ठेवलं होतं. २१ जुलैला बायडन यांनी उमेदवारी सोडली.

पण वाद जिंकला म्हणजे निवडणूक जिंकली असं नसतं, हेही लक्षात घ्या. बेन्टसन यांचं वाक्य आजही लोकांच्या तोंडी आहे, आणि त्यांच्या समोरच्या बुश-क्वेल जोडीने ४० राज्यं जिंकली. क्लेग यांच्या पक्षाच्या जागा ६२ वरून ५७ वर आल्या. बरेच दर्शक आपापला उमेदवार घरून ठरवूनच बसतात. वादातून त्यांना मिळतात ती उद्या ऑफिसात बोलायची वाक्यं, आणि माझ्या मते उमेदवार खरं तर तीच वाटत असतो. रेगन यांनी १९८० मध्ये शेवटी विचारलं, 'चार वर्षांपूर्वी होतात त्यापेक्षा तुमचं आज बरं चाललंय का?' त्यात दावा नाही, आकडा नाही. पुरावा ज्याने त्याने आपल्या खिशातून काढायचा. तेव्हाचे अध्यक्ष कार्टर यांनी त्याला काय उत्तर द्यावं यावर मी अनेक वर्गांत डोकं खाजवलं आहे. ठीकठाक म्हणावं असं एकही सापडलं नाही.

तुम्हाला यातलं स्वतः तपासायचं असेल तर पुढचा वाद बघताना प्रत्येक प्रश्न कागदावर लिहून समोर ठेवा आणि उत्तर चालू असताना डोळे त्या कागदावर असू द्या. पहिल्या दहा मिनिटांत करमणूक निम्मी होईल.